डेर, डी, ता

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
काजूच्या कारखान्यावरची खोली.
सातचा वर्ग, म्हणजे साडेसातचा:
आधी खालची भट्टी विझायची, सालींचा धूर बसायचा,
मग जिन्यावर चपला वाजायच्या.

सुलक्षणा कांबळी, सरकारी दवाखान्यातली सिस्टर, वय एकेचाळीस,
ड्युटीवरून तशीच, पिशवीत रिकामा डबा
आणि मुलाच्या वहीची उरलेली पानं.
आग्नेल, एसी दुरुस्त करणारा.
दाजी खवणेकर, ट्रॉलरच्या इंजिनांचे मेकॅनिक, साठीला दोन कमी,
नखांत ग्रीस.
जर्मन का शिकताय, विचारलं तर म्हणाले,
"असाच."

मी पुण्याहून आलेली, सर्टिफिकेटं घेऊन.
पहिला महिना कुणी तोंड उघडलं नाही.
लिलावात सुरमईचा भाव अख्ख्या किनाऱ्याला ऐकवणारे गळे
'माझं नाव' म्हणताना वहीत वाकायचे.
पोराच्या तोंडातून चूक दुधासारखी ओघळते,
पुसली की झालं.
चाळिशीत ती काट्यासारखी घशात अडते,
वर भाताचा गोळा गिळला तरी जात नाही.

'इख्' म्हणजे मी.
त्यातला शेवटचा आवाज ख नाही, श पण नाही,
मी फळ्यावर जीभ काढली, टाळू काढला, बाण काढले.
"बाई, तापल्या तव्यार ओलो बांगडो टाकल्यार येता, तो?"
हो. तोच.
मी जीभ पुसून टाकली.

मग लिंगं. डेर, डी, दास, तीन खाने.
चंद्र तो. सूर्य मात्र ती.
"सूर्य बायलमाणूस?" दाजी म्हणाले, "म्हणान इतको तापता!"
"म्हणान सगळ्यांच्या आधी उठता," सुलक्षणा.

आणि मुलगी: दास मेडशेन. नपुंसकलिंगी.
इथे सगळे अडतात, म्हणून मी तयारीने आले होते,
प्रत्ययाचा नियम, दोन अपवाद,
माफी मागितल्यासारखा आवाज.
ते माझ्याकडे बघत राहिले. त्यात काय?
"आमच्यात पण चेडू 'ता'च," ती म्हणाली.
"तो इलो, ती इली, ता चेडू इला."
आणि वहीतून मान वर न करता:
"पाचवीत ह्या 'ता'पायी मार खाल्लंय."

त्याच सोमवारी मी तिचं 'इला' खोडून
लाल शाईने 'आली' केलं होतं,
रजेच्या अर्जात, तिने तपासायला दिलेल्या,
मदत म्हणून.

तिसऱ्या खान्यात, 'दास'च्या शेजारी, मी 'ता' लिहिलं.
ते अजून आहे. फळा पुसताना तेवढं सोडून पुसतात.

नोव्हेंबरात एका रात्री लाइट गेली.
कुणी मोबाइल काढला नाही.
लांब समुद्रात दीपगृह उघडत होतं, मिटत होतं.
आग्नेलने उद्याचं हवामान सांगितलं.
कोपऱ्यातून कुणी किलोभर बटाटे मागितले,
कुणी दिले, सुटे पैसे नाहीत म्हणाले.
मग एक जाड आवाज,
पहिल्या झटक्यात न लागणाऱ्या इंजिनासारखा:
मी जर्मन शिकतो, कारण मी
माझ्या नातवाशी, तो तिकडे, त्याला फक्त,
फोनवर

त्या भाषेत 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जातं.
आम्ही थांबलो.
रापण ओढताना जाळ्याचं पोट दिसेपर्यंत
जसं कुणी बोलत नाही.
कुणी शब्द पुरवला नाही. मीही नाही,
आणि ते शिकायला मला तीन महिने लागले होते.

क्रियापद आलं.
रूप चुकलेलं, पण तेच. बोलणं.

तेवढ्यात पंखा फिरला, ट्यूब फडफडली,
सगळे पुन्हा वह्यांत वाकले.
दाजी स्वतःची नखं बघत होते.

सुलक्षणा उठली, बटणापाशी गेली.
"बाई, बंद करू?"